नवव्या मजल्यावरचा प्लूटो

"नवव्या मजल्याला ग्रह मिळणार नाय म्हणजे नाय! हे मी नाय सांगत, कृष्णातभाऊ, सायन्स सांगतंय!"

एवढं बोलून सोसायटीच्या सेक्रेटरी नमिता मॅडमनी ऑफिसच्या टेबलावर डस्टर आपटला. खडूची धूळ उडाली ती सरळ कृष्णात चौगुलेच्या नाकात. तो शिंकला, आणि शिंकताना त्याच्या काखेतला प्लूटो निसटता निसटता राहिला. प्लूटोचा रंग अजून ओला होता. त्यातला निम्मा चॉकलेटी रंग कृष्णातच्या ऑफिसच्या शर्टावर गेला होता, तोही बगलेत. तिथला डाग काय म्हणून सांगणार माणूस?

"मॅडम, सूर्यमालेची आयडिया माझी," कृष्णात म्हणाला. "गोळे मी आणले. रंग मी मारले. आणि आता माझाच ग्रह कॅन्सल?"

"आयडिया तुमची असेल. सूर्यमाला तुमची नाय."

कृष्णातनं प्लूटो दुसऱ्या काखेत घेतला.

झालं होतं असं. उरणजवळच्या द्रोणागिरीतली सोनाई हाइट्स, नऊ मजली. सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. पाच दिवसांत आरत्या दहा. पहिली कमिटीची, मग एकेका मजल्याला एकेका आरतीचा मान. आता डोकं असलेल्या कुणालाही कळेल की पहिली सोडली तर उरल्या नऊ आणि मजलेपण नऊ. पण चार वर्षं मान मिळत होता आठच मजल्यांना. विसर्जनाआधीची शेवटची आरती असायची 'सामुदायिक'. सामुदायिक म्हणजे गर्दीत मागं उभं राहून टाळ्या वाजवायच्या. नववा मजला चार वर्षं टाळ्या वाजवत होता.

कारण नववा मजला कागदावर नव्हताच. बिल्डर हरेशशेटच्या कागदात आठ मजले आणि वर गच्ची. चौगुले मंडळी सरकारी हिशोबानं गच्चीवर राहत होती. गच्चीवर त्यांचा हॉल होता, किचन होतं, संडास-बाथरूम वेगळं होतं. "कागद येतायत," असं हरेशशेट पहिल्या दिवसापासून सांगत होता. लिफ्टसुद्धा आठव्यापर्यंतच. पुढं एक जिना पायी. कुरियरवाला आठव्यावर उभा राहून हाका मारायचा, "गच्चीवाले चौगुले!"

कृष्णातला या हाकेचा लय राग. माणूस कंटेनर यार्डात गेटवर क्लार्क. दिवसाला दोनशे कंटेनर मोजून आत घेणार, एक इकडचा तिकडं नाय होणार. असल्या माणसाचं घर मोजायचं राहून जातं म्हणजे काय?

म्हणून जुलैच्या मीटिंगला डेकोरेशनचा विषय निघाला तेव्हा त्यानं हात वर केला. शाळेत पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, प्लूटो. एका मजल्याला एक ग्रह. ज्याचा ग्रह त्याची आरती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नमिता मॅडम त्या दिवशी उशिरा आल्या होत्या, सातव्या मजल्यावर त्यांच्या सायन्सच्या ट्यूशन चालतात. नाहीतर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

घरी येऊन कृष्णातनं आईला सांगितलं, "आई, औंदा शेवटची आरती आपली. तबक तुझ्या हातात."

चांगुणाबाईंनी आधी हात पदराला पुसले. मग फोन उचलला आणि कागलजवळच्या गावात बहिणीला लावला. "आक्के, हितं आमची आरती हाय. समद्या बिल्डिंगीची. तू ये. समद्यास्नी घिऊन ये." फोनवर त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की फोन नसता तरी कागलला ऐकू गेलं असतं. अकरा माणसं यायची ठरली. गाडीची तिकिटंपण काढून झाली.

म्हणजे आता मागं फिरायला रस्ता नाय, एवढं लक्षात ठेवा.

पहिलं लफडं थर्माकोलचं. कृष्णातनं उरणच्या बाजारातून थर्माकोलचे नऊ गोळे आणले. रिक्षातून उतरतोय तोवर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, 'थर्माकोल बंद आहे, कोण घेऊन आलंय त्याचं नाव कळवा.' खाली फोटो. फोटोत कृष्णातचं तोंड गोळ्यांच्या मागं होतं, पण चपला ओळखीच्या होत्या.

मग मदतीला आला नामादादा. तळमजल्यावर त्याचं किराणा दुकान. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या बापाची, त्यामुळं सल्ला द्यायचा हक्क त्याचा जन्माचा.

"जल्ला त्या थर्माकोलवर! मोऱ्याच्या बंदरावर माझा भाचा हाय, त्याच्याकरं जाल्याचे बोये हान. गोल गरगरीत. चार दिस वापरा नि परत द्या. दर्या फिरून आलेले हान ते, तुजी सूर्यमाला काय, कईच बुरनार नाय!"

बोये म्हणजे मासेमारीच्या जाळ्याला बांधतात ते पोकळ, तरंगते गोळे. भारी होते. लहान, मोठे, आणि एक तर एवढा की दोन माणसांनी धरायचा. तो गुरू. शनीला कडं म्हणून शर्मिलाच्या, म्हणजे कृष्णातच्या बायकोच्या, लग्नातल्या परातीचा मधला भाग कापला. त्यावर शर्मिला दोन दिवस बोलली नाही, तो विषय वेगळा.

पण बोये वर्षानुवर्षं मासळीत राहिलेले. मंडपात टांगले आणि उन्हं चढली तसा जो वास सुटला! तिसऱ्या मजल्यावरचं शाकाहारी कुटुंब पृथ्वी सोडून जायच्या गोष्टी करायला लागलं. लिंबू लावलं, चिंच लावली, शॅम्पू लावला. अख्ख्या सेक्टरची मांजरं गुरूखाली येऊन बसली, वर बघत. एवढ्या भक्तिभावानं कुणी गणपतीकडंपण बघत नव्हतं.

आणि हे सगळं निस्तरून कृष्णात प्लूटो रंगवून खाली आला तर नमिता मॅडमचं हे.

"दोन हजार सहा साली प्लूटोला काढलाय," मॅडमनी फळ्यावर सूर्य काढत सांगितलं. "आता ग्रह आठच."

"कोणी काढला?"

"जगातल्या खगोलशास्त्रज्ञांनी. मीटिंग झाली, मतदान झालं."

मीटिंग म्हटल्यावर कृष्णातचे कान टवकारले. सोसायटीच्या मीटिंगांमध्ये तो चार वर्षं मत नसताना बसत होता, त्यामुळं नियम त्याला मत असणाऱ्यांपेक्षा जास्त पाठ.

"नोटीस किती दिवस आधी काढली होती?"

"काय?"

"कोरम होता का?"

त्यानं तिथंच मोबाइल काढला, खोदून खोदून वाचलं, आणि त्याचा चेहरा असा लाल झाला की मंगळाशेजारी टांगला असता तरी चाललं असतं. "नऊ-दहा हजार मेंबर! आणि मत दिलं किती जणांनी? चारशे चोवीस! तेपण शेवटच्या दिवशी, अर्धे लोक घरी गेल्यावर! मॅडम, ही तर आपलीच मीटिंग झाली!"

"आणि प्लूटोला बोलावला व्हता का?" दारातून नामादादा. "त्याचा पन आयकाला नको?"

मॅडमनी दोघांकडं बघितलं, जसं नापास होणाऱ्या पोरांकडं बघतात. मग फळ्यावर तीन अटी लिहिल्या. एक, सूर्याभोवती फिरला पाहिजे. दोन, गोल पाहिजे. तीन, आपल्या वाटेतला परिसर त्यानं साफ केलेला पाहिजे. "पहिल्या दोन आहेत त्याच्यात. तिसरी नाय. त्याच्या वाटेत नुसता कचरा पडलाय."

हे बोलताना त्यांनी वर छताकडं का बघितलं देव जाणे, पण कृष्णातला ते लागलं. कारण नवव्याचा पॅसेज म्हणजे खरंच बघण्यासारखा होता. पाण्याचे तीन ड्रम, दिवाण, पापडाची खाट, सायकल, लोणच्याच्या बरण्या, आणि एक पाटा, जो चांगुणाबाईंनी गावाहून मांडीवर घेऊन आणला होता.

नामादादानं मधला मार्ग काढला. "अरे, पूजेतलं नवग्रह घ्या ना. नऊचे नऊ हान, कोन कारनार नाय त्यांना." तोवर आवाज ऐकून मजल्यामजल्यावरची माणसं ऑफिसात जमली होती, त्या सगळ्यांना पटलं. कुणीतरी मोजायला घेतलं. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. यात पृथ्वीच नाही! तिसरा मजला उठून उभा राहिला, की आधी वास सोसला, आता ग्रहपण जाणार? आठव्यानं राहू घ्यायला नकार दिला. सहाव्याचं म्हणणं, शनी आम्ही गुपचूप घेतला, आता सगळ्यांनी थोडं थोडं सोसा. अर्धा तास असा गेला की राहू-केतू स्वतः आले असते तरी घाबरून परत गेले असते.

शेवटी मॅडमनी मतदान घेतलं. मत फक्त मेंबरांना. नवव्यात मेंबर कोणीच नाही. आठ ग्रह पास.

कृष्णात त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठला तो एकच बोलला, "तिसरी अट. परिसर साफ. आजच्या आज करतो, मग बघतो कोण नाय म्हणतो."

आता ही चूक फक्त सोसायटीत राहणारा माणूसच करू शकतो. त्याला मनापासून वाटलं की पॅसेज मोकळा केला की प्लूटो परत आत येईल. अर्ज लिहूनपण तयार, 'विषय : परिसर साफ केल्याबाबत.'

रविवार होता. त्यानं आणि शर्मिलानं ड्रम, दिवाणाच्या फळ्या, सायकल, सगळं एक जिना उतरवून आठव्यावर आणलं आणि लिफ्टमध्ये कोंबलं. सामान नामादादाच्या गोदामात जाणार होतं. चांगुणाबाई मांडीवर पाटा आणि काखेत बरणी घेऊन आत ड्रमवर बसल्या. "माजं लोनचं मी एकलं सोडनार न्हाई."

लिफ्ट निघाली. सातव्यावर थांबली. नमिता मॅडम बाजाराची पिशवी घेऊन आत शिरल्या, कुठून जागा केली त्यांनाच माहीत. दार बंद झालं. लिफ्ट अर्धा मजला खाली गेली, 'खर्र' असं काहीतरी बोलली, आणि बसली.

कृष्णात जिन्यावरनं धावत सहाव्यावर आला. लिफ्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, लांब नावड्याला आहे, येतो तासाभरात. कृष्णात दाराच्या फटीला तोंड लावून ओरडला, "आई! घाबरू नको!"

"आरं मी कशाला घाबरू? ही बाई घाबरलीया!"

मग आतून बोलणं ऐकू यायला लागलं. कृष्णात फटीला कान लावून बसला. चोरून ऐकणं वाईट, पण आई अडकली असताना ते चोरून ऐकणं नसतं, ती काळजी असते.

"बाई, त्यो प्लूटो एक चक्कर मारायला किती दिस घेतोय?"

"दिवस नाय आजी, वर्षं. दोनशे अठ्ठेचाळीस."

"आनि तुमाला त्यो घावला कवा?"

"एकोणीसशे तीसला."

"आनि काडला?"

"दोन हजार सहाला."

चांगुणाबाईंना शाळा नाही, पण बाजारात अख्खा जन्म गेलेला. हिशोब एका दमात झाला. "म्हंजी शाहात्तर वर्सं. आगं, एक फेरी तरी पुरी करू द्यायची हुती गरिबाला!"

सायन्सच्या ट्यूशनला हा प्रश्न कुणी विचारला नसणार.

"आनि आता काडल्यावर? थांबला का त्यो?"

"नाय आजी. फिरतोय."

"मग झालं तर. लोनचं खा. घामानं भिजलीस बग."

यानंतर मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. कृष्णातनं कान इतका दाबला की फटीची खूण दोन दिवस राहिली, तरी काही कळलं नाही. तासाभरानं लिफ्टवाला आला, दोघींना ओढून बाहेर काढलं, लिफ्टचा कसलासा पार्ट जळालाय, आठवडा लागेल म्हणाला, आणि गेला. चांगुणाबाई जिन्यावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "किस्ना, प्लूटो नगं. ऱ्हाऊ दे."

"का? त्या बाईनं काय धमकी दिली?"

"धमकी न्हाई. आपल्या मजल्याचा कागुद सरकारी साहेबाच्या टेबलावर आलाय. हरेशशेटनं मजला रिकामा हाय म्हून लिवून दिलंय. साहेब कवाबी बगायला येनार, आनि मानसं ऱ्हाताना घावली तर मजला पाडायची नोटीस. आनि ही बाई खाली बोरडावर 'नववा मजला, आरती चौगुले' असं लिवनार हुती व्हय? तिनं आपल्यासाटी ग्रव्ह काडला, आनि शिव्या मातुर तिनंच खाल्ल्या."

कालपासून तो ज्या बाईला मनातल्या मनात उखळात घालून कुटत होता, ती त्याचंच घर वाचवत होती. राग असा मधेच रिकामा झाला की माणसाला हात कुठं ठेवायचे तेच समजत नाही.

"तिनं सांगायचं ना सरळ."

"तुला सांगून? तू समद्या ग्रूपवर टाकलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मॅडमनी नंतर स्वतः येऊन सांगितलं, सातव्याची आरती आजींनी करावी. चांगुणाबाई नाही म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ग्रव्हावर मला नगं."

पण कागलची माणसं काही थांबली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी अकरा जण उतरले. नऊवारी, फेटे, आणि चिरमुऱ्यांचं एक पोतं. आक्कानं मंडपात आल्या आल्या विचारलं, "आरती कितीला?" चांगुणाबाई म्हणाल्या, "चारला." आणि बाजूला बघायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या बहिणीला खोटं बोलल्या असतील.

साडेतीनला साहेब आले.

कुणाला न कळवता. पन्नाशीचा माणूस, काखेत फाइल, कपाळावर घाम. नमिता मॅडम पांढऱ्या पडल्या. कृष्णातनं सगळ्या पाहुण्यांना मंडपात बसवलं, वर कुणी जायचं नाही म्हणून दम भरला, नवव्याची दारं ओढून घेतली. मॅडमनी साहेबांना खुर्ची दिली, सरबत दिलं. "आधी आरती घ्या साहेब, मग बघा काय बघायचं ते."

साहेब टेकले. वर ग्रहांकडं बघत होते. तेवढ्यात मंडपाच्या मागनं एक बोका काहीतरी ढकलत बाहेर आला. पंजानं मारत, नाकानं लोटत. चॉकलेटी गोळा गडगडत आला आणि साहेबांच्या बुटाला लागून थांबला.

"हा कुठला?"

सगळा मंडप कृष्णातकडं बघायला लागला. कागलची माणसं, आठ मजले, मॅडम, आई. ज्या गोष्टीसाठी सगळ्यांशी भांडला, ती आता त्याच्याच तोंडानं बोलायची होती.

"तो... तो ग्रह नाय, साहेब."

"म्हणजे? हा प्लूटो ना?"

"हो. पण ग्रह नाय तो. काढलाय. सायन्स म्हणतं."

साहेब उठून उभे राहिले. "चौथीत असताना हा एक विसरलो म्हणून बाईंनी मला पट्टी मारली होती. चार पट्ट्या, उलट्या हातावर. आणि आता तुम्ही सांगता तो नाहीच? मग मी मार कशाचा खाल्ला?" त्यांनी गोळा उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, तरी सोडला नाही. "लावा वर. नऊ म्हणजे नऊ."

सायन्स मॅडमचं पक्कं होतं, पण समोर फाइल होती. नामादादानं शिडी लावली. प्लूटो वर गेला, सगळ्यात लांबच्या खिळ्याला.

"आता कुणाची आरती?" साहेबांनी विचारलं.

"त्याचीच," मॅडम हळूच म्हणाल्या. "नवव्या ग्रहाची." आणि स्वतः तबक उचलून चांगुणाबाईंच्या हातात दिलं.

काय सांगू! म्हातारीचा आवाज सगळ्यांच्या वर. आक्का शेजारी, झांज बडवत. कृष्णात टाळ्या वाजवायला विसरला, नुसता बघत राहिला. मग सवयीनं पाहुणे मोजले. दहा. परत मोजले. दहाच. अकरावी कुठाय? आक्काची सून दिसत नव्हती. शर्मिलाकडं बघितलं, तर तिनं डोळ्यांनीच वर दाखवलं. सुनेला दम ऐकूच गेला नव्हता.

आरती झाली. साहेबांनी प्रसाद खिशात ठेवला, फाइल उघडली. "चला. नववा मजला बघू. रिकामा आहे ना?"

"रिकामा, साहेब," मॅडम म्हणाल्या.

लिफ्ट बंद. सगळे जिन्यानं. पुढं साहेब, मागं मॅडम, कृष्णात आणि तबक हातात तशीच चांगुणाबाई. तिसऱ्यावर साहेब थांबले, पाचव्यावर थांबले, सातव्यावर मॅडमनी पाणी दिलं. आठव्यावर त्यांनी कठड्याला धरून वर बघितलं. वर जायला आठ-दहा पायऱ्या उरल्या होत्या.

आणि वरून कुकरची शिट्टी झाली.

साहेबांनी हातातल्या फाइलकडं बघितलं, मग वर.

दुसरी शिट्टी झाली. आंबेमोहोर तांदळाचा वास जिन्यावरनं खाली आला.

चांगुणाबाईंना राहवलं नाही. "साहेब, आमी चार वर्सं ऱ्हातोय हितं. पोरगा खोटं बोलाय शिकलेला न्हाई, म्हून मी सांगते. आनि तिसरी झाली की ग्यास बंद कराय लागतोय, न्हाईतर भात करपतोय."

कृष्णातनं डोळे मिटून घेतले.

तबकातली ज्योत अजून जळत होती. साहेबांनी तिच्यावर हात फिरवून डोळ्यांना लावला. कसलाही शेरा न लिहिता फाइल बंद केली, पेनाचं टोपण लावलं.

"वरपर्यंत चढवत नाही हो मला," ते म्हणाले. "आणि मला निघायला पाहिजे आता."